आपलं चुकलं

भांडण झालं तेव्हा काजवा पडद्याआड होती.

शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकानं कपडे अंगावर चढवून बघायला एक आडोसा होता, दोन हात लांब आणि दीड हात रुंद. आतला दिवा चांगला, म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती तिथंच स्टूल टाकून कोटांची काजं करत बसे. बाहेर मशीनवर बसणारी थोरली आणि तिला भेटायला आलेली तिची धाकटी बहीण, दोघींना वाटलं, दुकानात आपण दोघीच. मग काय, तोंडाचा पट्टा सुटायला वेळ लागतो थोडाच.

"आईची मशीन होती ती," धाकटी म्हणाली. "देऊन टाकायच्या आधी विचारलंस का?"

"विचारायला तू होतीस कुठं?"

"नवऱ्याच्या घरी होते. चंद्रावर नव्हते."

थोरली म्हणाली की जुनी पायमशीन, दर दहा टाक्यांना तिचा पट्टा निसटायचा, ती देऊन मोटरची घेतली. पोटासाठी घेतली, मिरवायला नाही.  धाकटी हळू आवाजात म्हणाली, पायडलवर आईच्या दोन पावलांएवढा रंग उडाला होता, तेवढं तरी बघायचंस. त्यावर थोरलीचं उत्तर असं, की रंग उडालेलं लोखंड छातीशी धरून बसायला सगळ्यांनाच सवड नसते. टेबलावर कात्री आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दाराचा.

धाकटी गेली ती गेलीच. नवऱ्याची बदली लांबच्या गावी झाली होती. तिकडून ना पत्र, ना निरोप.

काजवानं हे सगळं ऐकलं आणि तिथल्या तिथं निकालही देऊन टाकला. लोखंडापायी कुणी सख्खी बहीण सोडतं का? चूक धाकटीची. हा निकाल तिनं कुणाला बोलून दाखवला नाही, पण मनात शिवून ठेवला, तोही दुहेरी टाक्यानं. थोरलीवर तिचा जीव होता. काजवाचा मुलगा तापानं तीन आठवडे अंथरुणाला खिळला होता तेव्हा आपली शिलाई संपवून थोरलीनं तिची काजं केली होती आणि मास्तरांना पत्ता लागू दिला नव्हता.

मास्तर म्हणजे दुकानाचे मालक, आणि कापड कापणारेही तेच. शाळेतल्या मास्तरांशी त्यांचा संबंध पहिलीतच तुटला होता. काजं करते म्हणून 'काजवा' हे नाव त्यांनीच ठेवलं. नाव ठेवण्यात त्यांचा हात कापण्यापेक्षा चांगला होता.

काजवाचं शिक्षण सहावी. तीही पुरी नाही. गणिताच्या पेपराआधी आई आजारी पडली आणि गणित सुटलं ते सुटलंच. पण दुकानातल्या बाकीच्या पाचजणींना सही करायची म्हटली तरी घाम फुटायचा. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसं पत्रं लिहायचं काम तिच्याकडे आलं. जेवणाच्या सुट्टीत कापायच्या टेबलाचा एक कोपरा रिकामा करायचा, आणि जिला जे कळवायचं ते तिनं सांगायचं, काजवानं लिहायचं.

तिचा गुरू म्हणजे रद्दीत सापडलेलं पत्रलेखनाचं एक पुस्तक. पुठ्ठा गेलेला, आणि मधली पानं उंदरानं खाल्लेली. मालकास पत्र होतं, प्रतिष्ठित व्यक्तीस निमंत्रण होतं, अभिनंदनाची पत्रं तर डझनभर होती. 'बहिणीस पत्र' मात्र उंदराच्या पोटात गेलं होतं. त्या पुस्तकातून काजवा एकच गोष्ट शिकली: शब्द जितका जड, तितकं पत्र भारी. नाकापेक्षा मोती जड होतो हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिनं ते पालथ्या घड्यावरून वाहू दिलं असतं, कारण लोक तिचं पत्र ऐकून माना डोलवत.

दुकानातल्या इस्त्रीवाल्याचं छत गळत होतं, तेव्हा तिनं घरमालकाला लिहिलं, "आपल्या कृपाछत्राखाली आम्हांवर अखंड जलवर्षाव होत आहे." घरमालकाचा उलट निरोप आला, पत्र वाचून फार आनंद झाला. इस्त्रीवाला दर पावसाळ्यात बादल्या मांडत राहिला. सगळ्यांनी घरमालकाला निर्लज्ज म्हटलं. पत्राचा संशय कुणालाच आला नाही, लिहिणारीलाही नाही.

भांडणाला सहा वर्षं झाली. थोरलीची छाती भरून येऊ लागली. चार पायऱ्या चढली की ती भिंत धरून उभी राही. एका दुपारी तिनं डबा न उघडताच बाजूला सारला आणि काजवासमोर येऊन बसली.

"धाकटीला लिही," ती म्हणाली. "आपलं चुकलं. ये. बस, एवढंच."

काजवाला वाटलं, एवढ्याशासाठी कागद कशाला नासायचा? ही दोन बोटांची चिंधी झाली, पत्र नव्हे. तिनं पुस्तक उघडलं. बहिणीचं पान नव्हतं, म्हणून प्रतिष्ठित व्यक्तीचं घेतलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचूनही दाखवलं: "आदरणीय भगिनी, आपण सुखरूप असाल अशी आशा आहे. मागे जे घडले त्यात आपले चुकले, हे आपण जाणताच. तरी झाले गेले विसरून आपण सवडीनुसार येण्याचे करावे, ही नम्र विनंती."

थोरलीला हसू आलं. "तिला आपण-आपण कशाला? साहेब आहे का ती?"

"पत्रात असंच असतं," काजवा म्हणाली.

"असेल बाई. चुकलं ते आलं ना त्यात?"

"आलं की. हे बघ, आपले चुकले."

थोरलीनं मान हलवली आणि डबा उघडला.

आता बोलताना कुणी म्हणालं, आपलं चुकलं बुवा, तर लहान पोरालाही कळतं की बोलणारा स्वतःबद्दल बोलतोय. पण समोरच्याला पानभर 'आपण, आपण' म्हणायचं आणि मध्येच 'आपले चुकले' लिहायचं, तर ते कुणाचं होतं? ज्याला आपण म्हटलं त्याचं. शब्द तोच, कानाला माझं आणि कागदावर तुझं. थोरलीनं कानानं ऐकलं. धाकटी डोळ्यांनी वाचणार होती.

आणि काजवानं तर ऐकलंही होतं, वाचलंही होतं. तिला काहीच खटकलं नाही.

पत्र गेलं. थोरलीची मशीन दाराकडे पाठ करून होती. तिनं मास्तरांना सांगून ती फिरवून घेतली. उजेड चांगला येतो म्हणाली. दारातून कसला उजेड, समोर तर भिंत. कुणी आत आलं की तिचा पाय आपोआप थांबायचा आणि मोटर गप्प व्हायची. आठ महिने असं चाललं. मग एके सकाळी मशीनवर अर्धी बाही तशीच राहिली आणि थोरली आली नाही.

धाकटी आली ती सगळं आटोपल्यावर, बहिणीची कात्री न्यायला. रडून रडून चेहरा सुजला होता, पण आवाज कोरडा होता. मास्तर म्हणाले, अगं, आधी आली असतीस तर बरं झालं असतं, डोळे लावून बसली होती ती. धाकटीनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढून टेबलावर टाकला.

"हे वाचून यायचं होतं का मी? मरायला टेकली तरी माझंच चुकलं म्हणते. ते मी जाणतेच म्हणते."

मास्तरांना वाचता येत नव्हतं, त्यांनी कागद काजवाकडे सरकवला. तिचंच अक्षर, तिचीच शाई. तिनं तो धाकटीच्या डोळ्यांनी वाचला, आणि तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. हातातली सुई नखाखाली गेली तेही तिला कळलं नाही.

तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण बाकीच्या बघत होत्या, मास्तर बघत होते, आणि पत्रं लिहिणारी म्हणून तिचा जो काही मान होता तो त्या टेबलावरच उभा होता. काजवा मूग गिळून बसली. कागद घडी करून तिनं परत दिला. धाकटी कात्री घेऊन गेली.

त्या रात्रीपासून दोन गोष्टी तिला खाऊ लागल्या. गप्प बसले, ही एक. दुसरी त्याहून वाईट. पत्र लिहिताना खटकलं का नाही? खटकणार कसं? तिच्या मनात चूक धाकटीचीच होती. पडद्याआड दिलेला निकाल हातातून कागदावर उतरला आणि तिनं त्याला अडवलंही नाही. हात चुकला की मनानं चुकवलं, हे काही केल्या तिला ठरवता येईना. शिवण कुठं उसवली ते कापडाला विचारता येतं, मनाला विचारायची सोय नाही.

पुस्तक तिनं पुन्हा रद्दीत टाकलं. पत्रं लिहिणंही सोडून द्यावं असं वाटलं. पण नाही का म्हणते, हे सांगावं लागलं असतं. मग ती नव्यानं लिहायला शिकली. शिकवणारं कुणी नव्हतं. सूट शिवून उरलेलं काळं अस्तर घ्यायचं आणि मापाच्या खडूनं त्यावर आधी लिहायचं. नको तो शब्द फडक्यानं झटकला की गेला. कागदावरचा शब्द खोडायला जीव धजत नाही, खडूचा मात्र सहज जातो. कितीतरी पत्रं अस्तरावर पसाभर असत आणि कागदावर उतरताना चिमूटभर उरत.

प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून ती एकच प्रश्न विचारी: कोण? पाणी सोडलं जात नाही. कोण सोडत नाही? नाव आलं पाहिजे. पैसे मिळाले नाहीत, कुणाला, कुणाकडून? आणि 'आपण' हा शब्द तर तिनं घराबाहेरच काढला. साहेबाला 'तुम्ही' लिहायचं, बहिणीला 'तू', स्वतःला 'मी'. एखादी म्हणायची, काजवामावशी, आधी तुमचं पत्र कसं वजनदार असायचं. ती म्हणे, वजन उचलायला हमाल लागतो, वाचणारा हमाल नसतो.

आणखी एक सवय तिनं लावून घेतली. लिहिलेलं ती सांगणारीला वाचून दाखवीच, पण तेवढ्यावर भागवत नसे. तेच पत्र ती काही ठाऊक नसलेल्या तिसऱ्या माणसाला ऐकवी, बहुतेक वेळा इस्त्रीवाल्याला. तो इस्त्री बाजूला ठेवून सांगे, काय कळलं ते. त्याला जे कळलं तेच खरं पत्र. बाकीचं लिहिणारीच्या मनात असतं, त्याला टपाल नाही.

इस्त्रीवाल्याच्या छताचं पत्र तिनं पुन्हा लिहिलं. "माझ्या खोलीचं छत तीन ठिकाणी गळतं. मुलगी भिजते. तुम्ही या सोमवारच्या आत माणूस पाठवा." शनिवारी माणूस आला. इस्त्रीवाला सगळीकडे सांगत सुटला की बाईच्या हातात जादू आहे. जो तो तिचं कौतुक करी, आणि प्रत्येक कौतुक तिला सुईसारखं टोचे. हे शिकायची फी कुणी भरली होती, ते तिलाच ठाऊक होतं.

अशी नऊ वर्षं गेली. या नऊ वर्षांत धाकटीला लिहायला ती कितीदा बसली असेल, देव जाणे. इतरांची पत्रं सुटसुटीत होत आणि हे एक गुंत्याचं रीळ होऊन बसे. एकदा तिच्या सुनेला जुन्या कपड्यांखाली ते काळं अस्तर सापडलं. सून एका कचेरीत टायपिंग करायची. जीभ तिखट, पण पोटात काही ठेवायची नाही. तिनं उजेडात धरून वाचलं. "तुझ्या ताईच्या पत्रात शब्दांची चूक झाली होती. ते तुला सांगायचं राहून गेलं. मनाला फार लागून राहिलं आहे."

काजवा स्वयंपाकघरातून आली तर सून दारात अस्तर घेऊन उभी.

"आई," सून म्हणाली, "यात कोण कुठंय?"

काजवानं अस्तर हिसकावून घेतलं. म्हणाली, तुला काय कळतं त्यातलं. सून म्हणाली, काहीच कळत नाही, म्हणून तर विचारतेय. चूक झाली, म्हणजे ती काय आभाळातून पडली? राहून गेलं, म्हणजे ते आपलं आपण राहिलं? मलाच तुम्ही शंभरदा शिकवलंत की नाही, कोण ते विचार म्हणून?

काजवा खाली बसली. कांदा चिरताना येतं तसं डोळ्यांत पाणी आलं, पण कांदा तर चिरायचा होता अजून. तिनं सगळं सांगितलं. पडदा, उंदीर, प्रतिष्ठित व्यक्ती, तिसरी ओळ. सुनेनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी उठून कोरा कागद आणि पेन आणून समोर ठेवलं, आणि कांदे स्वतः चिरायला घेतले.

खडू नको, अस्तर नको. काजवानं सरळ कागदावर लिहिलं:

"तुझ्या ताईचं पत्र मी लिहिलं. ती म्हणाली, आपलं चुकलं. म्हणजे तिचं. मी तुला पत्रभर 'आपण' म्हटलं, म्हणून ती चूक तुझ्या नावावर गेली. 'हे आपण जाणताच' हे ती म्हणाली नव्हती. ते मी घातलं. तुमचं भांडण मी पडद्याआडून ऐकलं होतं आणि चूक तुझी असं माझ्या मनात होतं. तू कात्री न्यायला आलीस तेव्हा मला सगळं कळलं. मी बोलले नाही. नऊ वर्षं बोलले नाही. काजवा."

क्षमा कर, असं तिनं लिहिलं नाही. बोट ठेवून विचारलं, कोण? क्षमा करायची ती धाकटीनं, आणि तिला तसं सांगणारी मी कोण? तो शब्द तिनं मनातच झटकून टाकला.

सतराव्या दिवशी धाकटी दुकानात आली. केस पांढरे झाले होते. मास्तरांना तिनं ओळखही दाखवली नाही. काजवासमोरच्या स्टुलावर बसली आणि पिशवीतून तो जुना कागद काढला. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. म्हणजे टाकून दिला नव्हता.

"दुरुस्त कर," ती म्हणाली. "तुझ्याच हातानं."

काजवानं सवयीनं खडू उचलला.

"शाईनं."

तिनं पेन घेतलं. 'आपले'वर रेघ मारली आणि वर 'माझे' लिहिलं. मात्रा वाकडी गेली. 'हे आपण जाणताच' वरही रेघ मारली. एवढ्याशा कामाला किती वेळ लागला कुणास ठाऊक. बाकीच्यांच्या मशिनी बंदच होत्या.

धाकटी कागदाकडे बघत होती. "ती कशी म्हणाली? जशी म्हणाली तशीच सांग."

"आपलं चुकलं," काजवा म्हणाली. "ये."

"ये म्हणाली?"

"हो."

"ते कुठंय यात?"

काजवानं बोट ठेवलं. सवडीनुसार येण्याचे करावे, ही नम्र विनंती. धाकटीनं ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. चुकलं कुणाचं हा घोळ काजवाला नऊ वर्षं माहीत होता; हा दुसरा तिला त्या क्षणी कळला. एक अक्षर होतं. ते तिनं सजवून सजवून मारलं होतं.

पाणी पुढं केलं ते धाकटीनं घेतलं नाही. कागद घडी करून ठेवला. दारापाशी थांबली, वळली मात्र नाही.

"मी आले असते," ती म्हणाली, आणि गेली.

पुढं काजवानं आणखी चार वर्षं काजं केली आणि पत्रं लिहिली. धाकटीचं पत्र आलं नाही, आणि ते येईल असं काजवाला वाटलंही नाही. बोलल्यानं मन हलकं होतं म्हणतात. तिचं झालं नाही. सुनेनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, हलकं कसलं, फक्त ओझं कुठल्या खांद्यावर आहे ते नीट कळलं.

चौथ्या वर्षी एक अनोळखी बाई दुकानात आली. लांबून आलेली, चपला धुळीनं भरलेल्या. धाकटीच्या शेजारची. तिला मुलाला पत्र लिहायचं होतं. दोन वर्षं तो घरी फिरकला नव्हता.

"तुमच्या गावात लिहिणारं कुणी नाही का?" मास्तरांनी विचारलं.

"आहेत की. पण शेजारीण म्हणाली, तिच्याकडूनच लिहून घे. तिच्या हातून आता चुकणार नाही."

हा टोमणा की माया, ते काजवानं विचारलं नाही. तिनं टेबलाचा कोपरा रिकामा केला.

"काय म्हणायचंय मुलाला?"

बाईनं सुरुवात केली. शेजाऱ्यांनी काय काय म्हटलं, सुनेचं कसं वागणं, गुडघा कसा दुखतो. काजवानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, यातलं एकच सांगायचं असेल तर?

 बाई पदराशी चाळा करत म्हणाली, "ये म्हणायचंय."

काजवानं वर तारीख घातली, मुलाला हाक मारतात तशी हाक लिहिली, आणि खाली ते एक अक्षर. इस्त्रीवाल्याला वाचून दाखवलं. काय कळलं, विचारलं. तो म्हणाला, आई बोलावतेय, दुसरं काय.

काजवाचा टपालपेटीकडचा तो शेवटचा फेरा होता, पण तसं कुणाला ठाऊक नव्हतं, तिला तर नाहीच. दिवसभराची चार पत्रं पिशवीत टाकून ती संध्याकाळी निघाली. टपालपेटीपाशी थांबून नेहमीसारखं एकेक काढलं, पत्त्यावर बोट फिरवलं, आत टाकलं. शेवटचं टाकल्यावर मनगटापर्यंत हात घालून बघितलं की कुठं अडकलं तर नाही. मग कोपऱ्यावरून उद्याच्या कामाला काजाच्या धाग्याची दोन रिळं घेतली, एक काळं, एक पांढरं, आणि घरी जाण्याआधी ती दुकानात मास्तरांच्या टेबलावर, कात्रीशेजारी ठेवून आली.